लढाईच्या बातमीशेजारी पाइपलाइनचा नकाशाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या लढायांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला पानभर लेख वाचला. लेखकानं कष्ट घेतलेत यात शंका नाही. पण लेख वाचून खाली ठेवला की मनात एवढंच उरतं, की तिथली माणसं मुळातच भांडखोर. शिया-सुन्नी, अरब-कुर्द, दक्षिण सुदानमधल्या दिन्का-नुएर टोळ्या, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि चालतच राहणार. लेखासोबतच्या नकाशात देशांच्या सीमा होत्या, राजधान्या होत्या, फौजा कुठून कुठं सरकल्या त्याचे लाल बाणही होते. तेलाची पाइपलाइन मात्र एकही नव्हती. ती दाखवली असती तर ते बाण नेमके तिथंच का वळतात, हे सातवीतल्या पोरालाही कळलं असतं.

मी कोरेगाव तालुक्यातला. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या घरातली ही सैन्यातली चौथी पिढी. नकाशावर न दाखवलेल्या या रेषांनी आमच्या घराला काय दिलं आणि मी स्वतः त्या रेषेच्या काठावर काय पाहिलं, ते लिहितो. पत्र लांबेल, पण कापू नये ही विनंती.

सातारा जिल्ह्यात अशी गावं पुष्कळ आहेत, जिथं चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत इंग्रज सरकारनं बसवलेली दगडी पाटी अजून शाबूत आहे. या गावातून महायुद्धाला इतके पुरुष गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. सैनिकांचं गाव म्हणून अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाकीच्या तालुक्यांतही हिंडलात तर अशा पाट्या सापडतील. आमच्या गावच्या पाटीवर नावं नाहीत, आकडे आहेत. त्या आकड्यात माझे पणजोबा आहेत. ११७ मराठा पलटणीत ते शिपाई होते. घरात त्यांचा फोटो नाही. आहे ती वारसाला मिळालेली ब्राँझची गोल चकती, चांगली तळहाताएवढी. तिच्यावर त्रिशूळ धरलेली एक बाई आणि तिच्यापुढं सिंह. कडेनं इंग्रजी अक्षरं, की हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. आमची आजी दर दसऱ्याला ती चिंचेनं घासून कोयता-कुऱ्हाडीबरोबर पूजेला मांडायची. घासून घासून त्या बाईचं नाक झिजून सपाट झालंय. मामंजी कुठं गेले म्हणून विचारलं तर आजी सांगायची, "बसऱ्याला." गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्या तसंच सांगायच्या. बसरा कुठल्या दिशेला आहे आणि तिथं आपल्या माणसांचं काय काम होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही.

काम काय होतं, ते कागदावर आहे. १९०८ च्या मे महिन्यात इराणमध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं. पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली. डोंगरातून खाली आबादान बेटापर्यंत सुमारे सव्वादोनशे किलोमीटरची पाइपलाइन टाकली गेली आणि १९१२ मध्ये आबादानचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास चर्चिल ब्रिटिश आरमाराचे मंत्री होते आणि युद्धनौका कोळशावरून तेलावर आणण्याचा त्यांनी चंग बांधला होता. ब्रिटनमध्ये कोळसा भरपूर, तेल मात्र नाही. म्हणून १९१४ च्या जूनमध्ये, महायुद्ध पेटायच्या जेमतेम दीड महिना आधी, ब्रिटिश सरकारनं या कंपनीतला ५१ टक्के हिस्सा घेण्याचा ठराव संसदेत मंजूर करून घेतला. कंपनीचा पाइप हा त्या दिवसापासून सरकारचा पाइप झाला.

६ नोव्हेंबर १९१४ रोजी आजच्या इराकमध्ये, शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओला सहाव्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड सर्वांत आधी उतरली. तीत ११७ मराठा होती. ब्रिगेडियर जनरल डेलामेन यांना मिळालेल्या हुकमात आबादानचा कारखाना, तेलाच्या टाक्या आणि पाइपलाइन यांचं रक्षण हे काम स्पष्ट लिहिलेलं होतं. तेल हे एकमेव कारण होतं असं मी म्हणत नाही. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं उतरला होता, आखातातली इंग्रजांची पत होती, हिंदुस्थानकडे येणारी वाट होती. पण एवढ्या मोठ्या तुर्की साम्राज्यात पहिली ब्रिगेड नेमकी कुठं उतरवायची, याचं उत्तर पाइपलाइनच्या तोंडाशी होतं.

दोन-अडीच आठवड्यांत बसरा हाती आलं. कारखाना सुरक्षित झाला, म्हणजे दिलेलं काम पुरं झालं होतं. पुढं जे झालं ते प्रत्येक फौजीनं वाचावं असं आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये अहवाजजवळ टोळीवाल्यांनी पाइप तोडला. मग जनरल गोरिंज यांची डिव्हिजन कारून नदीच्या काठानं वर गेली. जूनपर्यंत तेल पुन्हा वाहू लागलं. पण आता बसरा नीट सांभाळायचं तर अमारा हवं, अमाराची बगल झाकायला नासिरिया हवं, दोन्हींना धोका नको म्हणून कूत हवं, आणि कूत घेतलं की बगदाद समोर दिसतंच. पाइप होता आबादानला आणि पणजोबांची पलटण बगदादच्या वेशीवर. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला पुणे डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड अडले, मागं हटले आणि कूतमध्ये वेढले गेले. १४७ दिवस. आधी तोफा ओढणारे बैल कापले, मग घोडे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेतले तेवीस हजारांच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. कैद्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं, त्यात पणजोबा वारले.

पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिक सर्वांत जास्त संख्येनं गेले ते याच आघाडीवर. फ्रान्सच्या खंदकांबद्दल आपल्या मराठी पुस्तकांत चार ओळी तरी सापडतात, मेसोपोटेमियाबद्दल, म्हणजे आजच्या इराकबद्दल, तेवढ्याही नाहीत. आणि शेवट बघा. तुर्कांशी युद्धविराम झाला ३० ऑक्टोबर १९१८ ला. ११४ मराठा शरकतला लढली ती मोसुलच्या वाटेवर, त्याच आठवड्यात. मोसुल शहरात इंग्रजांची फौज शिरली ती युद्धविरामानंतर, नोव्हेंबरात. युद्ध संपलं होतं, पण मोसुल प्रांतात तेल असल्याचं सगळ्यांना माहीत होतं. पुढं १९२७ मध्ये त्याच मुलखात किर्कुकजवळ बाबा गुरगुरला तेलाचा फवारा उसळला.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. आपल्याकडच्या सुभेदार-जमादारांची आहेत. शिपायांची नाहीत. तिथं फक्त 'आणि इतर अमुक भारतीय सैनिक' असं आहे. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या सरकारनं ते अख्खं स्मारक बंदरापासून उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन उभं केलं. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं या भेदभावाची चौकशी प्रसिद्ध केली आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. बातमी आपल्याकडे आतल्या पानावर आली होती, मी कापून ठेवली आहे.

आता मी स्वतः पाहिलेलं. सुदानचे दोन तुकडे व्हायच्या आधी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आमची तुकडी अपर नाईल प्रांतात मलाकालला होती. सगळी काळी चिकण जमीन. पाऊस झाला की ट्रक आसापर्यंत रुतायचा आणि गस्त बंद पडायची. आठ-आठ दिवस गावांकडे जाता येत नसे. पण पालोइचच्या तेलविहिरींकडे जाणारा रस्ता बारमाही होता. मुरमाचा उंच भराव टाकून केलेला, सरळ, रुंद. त्या भरावाला पुरेशा मोऱ्या नव्हत्या. पावसाचं पाणी एका अंगाला तुंबून तळं व्हायचं आणि दुसऱ्या अंगाची कुरणं वाळून जायची. दुभाष्याला घेऊन आम्ही गुराख्यांशी बोलायचो. त्यांची पहिली तक्रार तेलाबद्दल नसायची, त्या रस्त्याबद्दल असायची. गुरं पाण्यासाठी दुसऱ्या टोळीच्या हद्दीत न्यावी लागतात, तिथं मारामारी होते, बंदुका निघतात. अहवालात आम्ही लिहायचो, 'गुरांवरून टोळ्यांत संघर्ष'. अहवाल खोटा नव्हता, पण त्या भरावाबद्दल त्यात रकाना नव्हता. आपल्या पुरवणीतला लेख वाचताना मला आमचे तेच अहवाल आठवले.

पाइपलाइनभोवती फौज कशी जमते, तेही तिथंच कळलं. त्या भागातलं तेल मेणचट असतं. गार झालं की पाइपातच थिजतं. तिथून तांबड्या समुद्रावरच्या बंदरापर्यंत तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर. म्हणून वाटेत पंपिंग स्टेशनं लागतात, तेल तापवायचं आणि दाब देऊन पुढं ढकलायचं. पंपाला डिझेल लागतं, डिझेलला टँकर, टँकरला रस्ता, रस्त्याला चौकी आणि चौकीला पलटण. पाइप बहुतेक ठिकाणी जमिनीखाली गाडलेला असतो, तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पंपिंग स्टेशन मात्र उघड्यावर असतं. बंडखोराला पाच-पन्नास माणसांत सरकारचं नाक दाबायचं असेल तर तो राजधानीवर चाल करत नाही, पंपिंग स्टेशनवर करतो. सरकारला हे माहीत असतं, म्हणून ते आसपासची वस्तीच उठवतं. १९९९ साली सुदानचं तेल पाइपलाइननं निर्यात होऊ लागलं, त्याच्या आगेमागे युनिटी प्रांतात तेलक्षेत्राभोवतीची गावं हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडून रिकामी केली गेली. कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीवर तिच्याच देशात एवढी टीका झाली, की तिनं तिथल्या तेलप्रकल्पातला आपला २५ टक्के हिस्सा विकून टाकला. २००३ मध्ये तो घेतला आपल्या ओएनजीसी विदेशनं. हा भाग आपल्या लेखात नव्हता. तो असायला हवा होता, कारण तिथल्या पाइपशी आपलंही नातं आहे.

मुळात तिथली दुसरी यादवी १९८३ ला पेटली तेव्हा शरियत कायदा, दक्षिणेची काढून घेतलेली स्वायत्तता ही कारणं होतीच. पण शेव्हरॉन कंपनीला दक्षिणेत तेल सापडलं होतं १९७८ च्या सुमारास, आणि त्यानंतर खार्टुमच्या निमेरी सरकारनं प्रांतांच्या सीमा सरकवून तेलाचा पट्टा उत्तरेत ओढायचा घाट घातला. शुद्धीकरण कारखानाही दक्षिणेत नको, उत्तरेत कोस्टीला हवा असं ठरवलं. दक्षिणेच्या सैनिकांनी बंदुका उचलल्या त्यात हा राग होता. १९८४ मध्ये शेव्हरॉनची माणसं मारली गेली आणि कंपनीनं काम थांबवलं.

९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. तेलाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्याच्याकडे आला, पाइप आणि बंदर राहिलं उत्तरेकडे. आपल्या वाचकांना हे समजायला अवघड नाही. कृष्णेवरून लिफ्टची लाइन टाकताना मोटर नदीकाठच्याच्या रानात असते, पैसे भरतो दोन कोसांवरचा ऊसवाला आणि लाइन जाते मधल्या कुणाच्या तरी बांधावरून. तो मधला माणूस बिथरला तर एका कुदळीत दोघांचं पीक वाळतं. उत्तर सुदाननं दर पिंपामागं ३६ डॉलर मागितले, दक्षिण एक डॉलरही द्यायला तयार नव्हतं. जानेवारी २०१२ मध्ये दक्षिणेनं स्वतःच्या विहिरी बंद केल्या. ज्या देशाचं जवळजवळ सगळं उत्पन्न तेलाचं, त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा आवळला, पण समोरच्याचाही आवळला. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या फौजेनं हेगलिगचं तेलक्षेत्र घेतलं, दहा दिवसांत सोडावं लागलं. पुढच्या वर्षी तडजोड होऊन तेल सुरू झालं. त्याच २०१३ च्या एप्रिलमध्ये जोंगलेई प्रांतात आपले पाच जवान दबा धरून केलेल्या हल्ल्यात शहीद झाले. त्या हल्ल्याचं खापर मी तेलावर फोडणार नाही, तो वेगळा बंडखोर होता आणि वेगळं भांडण होतं. पण वर्षअखेर दक्षिण सुदानच्याच दोन नेत्यांत जी लढाई जुंपली, तिच्यात मलाकाल, बेंतिऊ आणि पालोइचची वाट यांच्यावरच पुन्हा पुन्हा चढाया झाल्या. ज्या मलाकालच्या बाजारात आम्ही चहा प्यायचो, ते शहर अनेकदा या हातातून त्या हातात गेलं आणि शेवटी राखरांगोळी झालं. आता खुद्द उत्तर सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून यादवी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रणभूमीतल्या पंपिंग स्टेशनांना डिझेल मिळेना, तेल पाइपात थिजलं आणि लाइन फुटली. दक्षिणेतल्या सरकारी नोकरांचे पगार रखडले. गोळी उत्तरेत सुटली आणि उपाशी दक्षिणेतला मास्तर राहिला.

हे काही सुदानपुरतं नाही. किर्कुकचं तेल भूमध्य समुद्राकडे नेणारी लाइन १९३५ च्या सुमारास पुरी झाली, तिची एक शाखा पॅलेस्टाइनमध्ये हैफाला जायची. १९३६ मध्ये अरबांचा उठाव झाला आणि रात्री-अपरात्री ती शाखा फोडली जाऊ लागली. १९३८ मध्ये इंग्रजांनी कॅप्टन विंगेट यांच्या हाताखाली ब्रिटिश सैनिक आणि ज्यू तरुण यांची मिश्र रात्रपथकं काढली ती या पाइपच्या राखणीसाठी. त्या पथकांत शिकलेली माणसं पुढं इस्रायलच्या सैन्यात वरच्या पदांवर गेली. त्या भूमीचा वाद पाइपमुळं सुरू झाला असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण बंदूक कुणाच्या हातात दिली, रात्रीचा छापा कुणाला शिकवला आणि कुणाची गावं झडतीत उलथीपालथी केली, हे त्या बारा इंची नळानं ठरवलं.

सीरियाचं बघा. सौदीचं तेल लेबनॉनच्या किनाऱ्याला नेणारी अमेरिकन कंपन्यांची टॅपलाइन सीरियातून न्यायची होती, तिथल्या संसदेत मंजुरी अडकून पडली होती. मार्च १९४९ मध्ये लष्करप्रमुख हुस्नी अल-झईम यांनी सरकार उलथवलं आणि थोड्याच आठवड्यांत मंजुरी देऊन टाकली. ऑगस्टमध्ये त्यांनाही त्यांच्याच अधिकाऱ्यांनी गोळ्या घातल्या. १९५६ च्या सुएझ युद्धात सीरियन सैन्यानं इराकच्या लाइनवरची पंपिंग स्टेशनं उडवली. १९८२ मध्ये इराण-इराक युद्ध ऐन भरात असताना सीरियानं आपल्या बनियास बंदराला येणारं इराकचं तेल बंद केलं आणि एकही गोळी न झाडता सद्दामचा एक हात बांधून टाकला.

कास्पियन समुद्राचं तेल तुर्कस्तानला नेणारी बाकू-तिबिलिसी-जेहान लाइन १,७६८ किलोमीटर लांब आहे. आर्मेनियातून गेली असती तर कमी लांबीत भागलं असतं. पण आर्मेनियाचं अझरबैजानशी आणि तुर्कस्तानशीही वाकडं, इराण अमेरिकेला नको, रशिया कुणालाच नको, म्हणून ती वळसा घालून जॉर्जियातून नेली. त्याच काळात, २००२ पासून, अमेरिकेनं जॉर्जियाच्या सैन्याला प्रशिक्षण सुरू केलं. २००८ च्या ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जिया यांची लढाई झाली, तेव्हा भांडण जॉर्जियातून फुटू पाहणाऱ्या दक्षिण ओसेशियाचं होतं, पण जगभरच्या सरकारांनी आधी नजर टाकली ती या लाइनवर. कोलंबियात तर आडपडदाच नव्हता. कान्यो लिमोन ते कोव्हेन्यास या लाइनवर बंडखोरांनी २००१ या एका वर्षात १७० स्फोट केले. त्यानंतर अमेरिकेनं कोलंबियाच्या अठराव्या ब्रिगेडला प्रशिक्षण आणि सामग्री दिली. कशासाठी, तर ती लाइन सांभाळण्यासाठी, असं उघड सांगून. डेलामेनच्या हुकमानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी तोच हुकूम, इतक्याच स्पष्ट शब्दांत.

आमच्या कट्ट्यावर हे बोललो की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, सुभेदार, तुम्हाला सगळीकडं तेलच दिसतं. दुसरे म्हणतात, बरोबर आहे, सगळं तेलासाठीच असतं, बाकी देखावा. मला दोन्ही पटत नाही. भांडणाची मुळं माणसांत असतात: जमीन, पाणी, धर्म, अपमान. पण भांडणं जगात हजार आहेत. त्यातल्या कुठल्या भांडणात बाहेरून शस्त्रं येतात, कुठल्या बाजूला येतात आणि शिपायाला नेमकं कुठल्या टेकडीवर उभं करतात, तिथं पाइप बोलतो. फौज हलवता येते, पाइप हलवता येत नाही. म्हणून एकदा पाइपाशी बांधलेला शिपाई तिथून सुटत नाही. आणि कधीकधी हाच पाइप लढाईलाही आवर घालतो, हेही खरं आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर चाल केली, तरी रशियाचा गॅस युक्रेनच्याच जमिनीतून युरोपला जात राहिला, २०२४ चं वर्ष संपेपर्यंत. वर शहरांवर क्षेपणास्त्रं पडत होती आणि खालून नळ चालू होता, कारण दोघांनाही त्याची गरज होती. त्याच युद्धात बाल्टिक समुद्राखालची नॉर्ड स्ट्रीम लाइन मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये स्फोटांनी फुटली. कुठला नळ राखायचा आणि कुठला फोडायचा, यामागं हिशेब असतो. तो हिशेब वाचकाला मांडून दाखवणं हे वर्तमानपत्राचं काम आहे.

आपल्याशी याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. त्यातला मोठा वाटा आखातातून, होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्रातून येतो. होर्मुझ टाळता यावं म्हणून सौदीनं इराण-इराक युद्धाच्या काळात वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रापर्यंत लाइन टाकली, अमिरातीनं २०१२ मध्ये फुजैरापर्यंत टाकली. १२ मे २०१९ ला फुजैराच्या समुद्रात चार जहाजांवर हल्ला झाला आणि १४ मे रोजी येमेनच्या हौथींची ड्रोन सौदीच्या त्या लाइनच्या पंपिंग स्टेशनांवर आदळली. दोन दिवसांत दोन्ही पर्यायी वाटांवर घाव. पुढच्याच महिन्यात आपल्या नौदलानं ऑपरेशन संकल्प सुरू केलं आणि आपली युद्धनौका ओमानच्या आखातात आपल्या तेलवाहू जहाजांच्या सोबतीला गेली. मी त्याच्या विरोधात नाही. देशाची चूल पेटती ठेवायची तर ते करावंच लागेल. पण याचा अर्थ असा, की शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या तेलाची राखण करायला गेलेल्या जिल्ह्यातली पोरं आता आपल्या स्वतःच्या तेलाची राखण करायला त्याच समुद्रात उभी आहेत. त्यांना आणि त्यांच्या आईबापांना ते माहीत हवं.

लांब कशाला जायचं? मुंबई-पुणे-सोलापूर ही पेट्रोलची लाइन आपल्या फलटण तालुक्यातून जाते. काही वर्षांपूर्वी त्याच तालुक्यातल्या सासवड गावच्या शिवारात चोरांनी तिला भोक पाडलं आणि पेट्रोल आसपासच्या विहिरींत उतरलं. तोपर्यंत आपल्या पायाखाली ही लाइन आहे, हे जिल्ह्यातल्या किती लोकांना ठाऊक होतं?

आमच्या गावाजवळच्या माळावर रोज पहाटे पाचला भरतीची पोरं धावतात. साताऱ्यात आणि कोरेगावात भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादम्या आहेत, तिथं पोरं सामान्यज्ञान म्हणून देशांच्या राजधान्या आणि चलनं पाठ करतात. होर्मुझ कुठं आहे, आबादान कुठं आहे, मलाकाल कुठं आहे, हे त्यांना विचारलं तर माना खाली जातात. दोष त्यांचा नाही. आम्हीही तसेच गेलो होतो. मलाकालला विमानातून उतरेपर्यंत आमच्यातल्या कुणाला त्या पाइपचं नाव माहीत नव्हतं. ब्रीफिंगमध्ये टोळ्यांची नावं मिळाली होती, साप-विंचवांची माहिती मिळाली होती, मलेरियाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. ज्याच्याभोवती सगळं फिरत होतं, ती रेषा तिथंही नकाशावर नव्हती.

म्हणून आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली, यापुढं या भागांतल्या लढाईची मोठी बातमी किंवा लेख छापाल तेव्हा सोबतच्या नकाशात तेल आणि गॅसच्या लाइनी, पंपिंग स्टेशनं आणि बंदरं दाखवा, लाइन कुणाच्या मालकीची आहे आणि तीत भारताचा हिस्सा आहे का, तेही चौकटीत द्या. दुसरी आपल्या जिल्ह्यापुरती. महायुद्धाच्या पाट्या ज्या गावांत आहेत, तिथली माणसं कुठल्या पलटणीत होती, कुठं पाठवली होती आणि कशाच्या राखणीला पाठवली होती, हे शोधून आपल्या जिल्हा पानावर दर आठवड्याला एका गावाचं द्या. ग्रामपंचायतींनी तीच माहिती पाटीशेजारी मराठीत लावावी, पाटी स्वच्छ करून घ्यावी. काही ठिकाणी तिच्यावर निवडणुकीचे कागद चिकटवलेले मी पाहिले आहेत, काही ठिकाणी रंगाऱ्यानं भिंतीबरोबर तीही ऑइलपेंटनं रंगवून टाकलीय.

कोरेगाव तालुक्यातल्या ज्या पाट्या मी स्वतः जाऊन वाचल्या, त्यांची गाववार वही तयार आहे. बसरा, कूत, बगदाद इथल्या जुन्या चकत्या, पदकं किंवा पेन्शनचे कागद ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी त्यांचे फोटो आपल्या सातारा कार्यालयात द्यावेत, असं आवाहन आपण केलंत तर ही वही भरत जाईल. वहीची झेरॉक्स मी येत्या सोमवारी कार्यालयात आणून देतो.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त सुभेदार,
ता. कोरेगाव, जि. सातारा